घागर मोर्चा कोणाच्या दारी?

उन्हाळा तापू लागला की गोव्यात घागर मोर्चांचे दिवस येतात. कोरड्या नळांना कंटाळलेल्या महिला रिकाम्या घागरी घेऊन कधी पंचायतीवर, कधी पाणीपुरवठा खात्याच्या कार्यालयावर धडकतात. आश्वासन मिळते, वाड्यावर टँकर येतो, मोर्चा पांगतो. काही दिवसांनी नळ पुन्हा कोरडाच. असे का घडते?

याचे एक मूळ अधिकारांच्या वाटणीत आहे. 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी 29, तर पालिकांसाठी 18 विषयांची सूची घटनेत आली. पाणीपुरवठा दोन्ही सूचींत आहे. मात्र हे अधिकार स्थानिक संस्थांना द्यावेत की नाही, हे राज्य विधिमंडळावर सोपवले गेले. गोव्यात 191 पंचायती असल्या, तरी नळाचे पाणी राज्य शासनाचे खातेच पुरवते. जलवाहिन्या, पंप, अभियंते आणि निधी हे सारे त्या खात्याकडे. सरपंचाच्या हाती उरतो तो केवळ पाठपुरावा. याउलट घरोघरचा कचरा उचलणे ही पंचायतीचीच जबाबदारी. तेथे सरपंचांनी सरकारकडे बोट दाखवले, तर ती निव्वळ पळवाट ठरते.

म्हणूनच मोर्चा कोणाच्या दारी न्यायचा, हे आधी ठरवणे महत्त्वाचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथून काय घेऊन परतायचे. तोंडी आश्वासनाची नोंद कोठेच राहत नाही आणि टँकर आला की दबावही ओसरतो. बिघाड नेमका कोठे आहे, दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होणार आणि तिला जबाबदार अधिकारी कोण, हे लेखी घ्यावे. तोच विषय ग्रामसभेत मांडून ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात नोंदवावा. खात्याने दाद दिली नाही, तर 2005च्या माहिती अधिकार कायद्याखाली कामाची सद्यःस्थिती आणि टँकरवरील खर्च विचारता येतो. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

मोर्चाला येणाऱ्या अनेकींचा त्या दिवसाचा रोज बुडतो. एवढी किंमत मोजून एका टँकरवर समाधान मानावे लागणे, हा सौदा नागरिकांच्या तोट्याचाच आहे. घागर आज भरली, एवढ्यावर न थांबता उद्या नळाला पाणी कधी येणार, याचे तारीखवार उत्तर मागितले पाहिजे.