‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नवाच्या सुमारास आंधळगावातले एक गृहस्थ धापा टाकीत दवाखान्यात आले. ‘‘डॉक्टरसाहेब, बाबूजी संध्याकाळपासून घरी नाहीत.’’ बाबूजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सारा जन्म हातमागावर कोशाचे कापड विणण्यात गेलेला. बरीच शोधाशोध झाली. अखेर शेजारच्या, दहावीत शिकणाऱ्या पोराने त्यांना तलावाच्या पाळीवरून हात धरून आणले. ‘‘आबाजी सूत आणायला निघाले होते,’’ तो म्हणाला. ज्याच्याकडून सूत आणायचे, तो व्यापारी वारून वीस वर्षे झाली होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या सुनेने मला सांगितले होते की, बाबूजी जेवून उठतात अन् पुन्हा ताट मागतात. पैसे कुठेतरी ठेवतात अन् चोरीचा आळ घरच्यांवर घेतात. मी रक्तदाब पाहिला, ‘‘वय झालं, चालायचंच’’ म्हटले आणि टॉनिक लिहून दिले. चूक माझीच. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकते. पण रोजचा रस्ता चुकणे, एकच प्रश्न दहादा विचारणे, स्वभावच पालटणे हा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. भारतात साठीपुढच्या शंभर माणसांमागे सुमारे सात जणांना तो असावा, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचे अनुमान आहे.

या प्रकरणानंतर मी ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो 2013 साली केला. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झालेला असतो. एके दिवशी रस्त्याने हत्ती जाताना दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. मुलगी शहरभर शोधत असते. इकडे माहुताची तरुण बायको चन्नम्मा, घरात खायची मारामार असताना, या अनोळखी म्हाताऱ्याला भरवते, सांभाळते. ते तिला आई समजतात, आणि ती होते आई. तिची भाषा कानडी, यांच्या तोंडी संस्कृत, पण काही अडत नाही. शास्त्रींचे काम करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे विशेष. चन्नम्मासाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. इंग्रजीतही 2005 साली ‘मिसेस पालफ्रे ॲट द क्लेअरमाँट’ हा चित्रपट आला. त्यातल्या वृद्धेला स्वतःचा नातू भेटायला येत नाही, पण रस्त्यात पडल्यावर उचलणारा एक तरुण मात्र नातवासारखा जीव लावतो.

चन्नम्माला औषधातले काही कळत नाही, पण एक गोष्ट ती बरोबर करते. ती म्हाताऱ्याशी वाद घालत नाही. ‘‘असं नाही हो, तसं आहे’’ म्हणून आपण त्यांना खोटे पाडत बसतो आणि ते अधिकच बिथरतात. सांज झाली की हा त्रास वाढतो. त्या वेळी घरात भरपूर उजेड ठेवावा, त्यांना हाताला येणारे काम द्यावे.

आता औषधाचे. विसराळूपणाची काही कारणे बरी होण्यासारखी असतात. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे कमी काम, उदासीनता, झोपेच्या गोळ्या, पडल्यामुळे डोक्यात साचलेले रक्त, इतकेच काय, कमी ऐकू येणेसुद्धा! म्हणून आधी तपासण्या कराव्यात. म्हातारा माणूस एक-दोन दिवसांतच एकाएकी बरळू लागला, तर तो स्मृतिभ्रंश समजू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, घटलेली साखर किंवा सोडियम असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. खऱ्या अल्झायमरवर मुळापासून बरे करणारे औषध अजून नाही. गोळ्यांनी काही काळ लक्षणे सावरतात. खिशात नाव, गाव आणि फोन नंबरची चिठ्ठी मात्र आजच शिवून टाका. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 हा निःशुल्क क्रमांक आहे.

आमच्या बाबूजींचे ब-12 कमी निघाले. इंजेक्शने दिली, थोडा फरक पडला, फार नाही. आता रोज शाळा सुटली की तो पोरगा येतो. बाबूजी त्याला आपल्या वारलेल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात, आणि तो ‘ओ’ देतो. मग दोघे ओसरीवर चरखा घेऊन कांड्या भरतात. सुनेचे नाव बाबूजींना आठवत नाही, पण धागा तुटला की गाठ अजूनही बिनचूक पडते. परवा मी गेलो, तर पोराने भरलेली कांडी उलगडून त्यांनी पुन्हा भरायला लावली. सैल झाली होती म्हणे.