दोन नोकऱ्यांमधले दिवस

नोकरी कशी मिळवावी, याविषयी उपदेश करणारे पुष्कळ आहेत. नोकरी बदलताना मधले चार दिवस आपले कसे राखावेत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. शुक्रवारी सायंकाळी एका कचेरीचा निरोप घ्यावयाचा आणि सोमवारी सकाळी दुसरीत हजर व्हावयाचे, अशी रीतच पडून गेली आहे. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन, बिऱ्हाड हलविणे, मुलांच्या शाळेची व्यवस्था ही कामे तशीच राहतात. आणि नव्या ठिकाणी आल्या आल्या रजा मागण्याचा धीर कोणाला होतो?

सरकारी नोकराला येथे नियमाचा आधार आहे. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनुसार परगावी बदली झालेल्यास रुजू होण्यासाठी मुदत मिळते: अंतर १,००० किलोमीटरपर्यंत असेल तर १० दिवस, २,००० पर्यंत १२, आणि त्यापुढे सामान्यतः १५. हे दिवस कामाचेच धरले जातात. माणसाला घडी बसवावयास वेळ लागतो, हे तेथे तत्त्वतः मान्य झाले आहे. खाजगी नोकरीत ही मुदत ज्याची त्यानेच ठरवून घ्यावी लागते.

ती ठरवावी केव्हा? नेमणूकपत्र हाती आले आहे, पण रुजू होण्याच्या तारखेवर आपली सही झालेली नाही, हीच ती वेळ. त्याआधी विषय काढणे घाईचे होते. सही केल्यावर काढला, तर दिलेला शब्द फिरविल्यासारखे दिसते. मागताना 'थोडी सुट्टी मिळाली तर बरे' असे चाचरत म्हणू नये. तारीखच सांगावी. समजा, १ जूनला राजीनामा दिला आणि ६० दिवसांची मुदत ३० जुलैला पुरी होते. मग 'मी १७ ऑगस्टला रुजू होईन' एवढे वाक्य पुरे. आळशी समजतील ही भीती बहुतेक वेळा पोकळ असते. तुमच्या नोटिशीचे दोन महिने जो मालक थांबतो, तो आणखी दोन आठवड्यांनी बुडत नाही.

मात्र त्याचीही अडचण खरी असू शकते. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेबतपासणीचा दिवस ठरलेला असतो. अशा वेळी एक आठवडा घ्यावा आणि उरलेल्या दिवसांची रजा रुजू झाल्यावर मिळेल, असे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारे साहेबही नोकरी बदलतात!

आता खर्चाची बाजू. वरच्या उदाहरणात मधले दिवस १७. घरखर्च महिना ४०,००० रुपये असेल, तर सुमारे २२,००० रुपये आधी बाजूला हवेत. याहून मोठा धोका आजारपणाचा. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो आणि नवा रुजू झाल्यावर सुरू होतो. नेमके त्याच दिवसांत घरात कोणी इस्पितळात गेले, तर सारी बचत धुऊन निघेल. म्हणून घरचा स्वतंत्र विमा आधीपासूनच असावा. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढू नये, नव्या खात्यात वळवावी. मधल्या खंडाने जुनी वर्षे वाया जात नाहीत. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. त्याची रक्कम काढून घेतली, की मागची वर्षे हिशेबातून जातात.

आणि जुन्या कचेरीतून सुटण्याची तारीख लेखी हाती येईपर्यंत गावाची तिकिटे काढू नयेत, कारण ती तारीख पुढे सरकू शकते.

पगाराच्या आकड्यासाठी आपण तासभर घासाघीस करतो; दिवसांसाठी एक वाक्यही बोलत नाही. पगार पुढे वाढू शकतो. हे मोकळे दिवस मात्र नोकरी बदलतानाच मिळतात. ते मागण्यात याचना नाही, तो कराराचाच एक भाग आहे, असे आम्हांस वाटते.