वाइल्डरांचा मळा

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझहून हायवे नंबर १ वर निघालं की थोड्याच वेळात डावीकडे वाइल्डर रँच स्टेट पार्क लागतं. सुमारे ७,००० एकरांचा मुलूख आहे. त्यात समुद्रकडे, कुरणं आणि रेडवुडची झाडी आहे. आज हे सगळं लोकांचं असलं तरी १९६९ पर्यंत त्यातला बराचसा भाग एका घराण्याचा होता.

डेलॉस वाइल्डर यांनी १८७१ मध्ये लेव्ही बाल्डविन यांच्या भागीदारीत इथे दुधाचा धंदा मांडला. १८८५ मध्ये वाटणी झाली आणि खालचा भाग वाइल्डरांकडे आला. त्यांच्या लोण्याचं नाव झालं. मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं यंत्रघर. वर डोंगरातल्या ओढ्याचं पाणी अडवून ते नळानं खाली आणलेलं; त्याची धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळायची, चाक गरगर फिरायचं आणि दांड्यावरच्या पट्ट्यांतून ती गती लेथला, ड्रिलला मिळायची. ना कोळसा, ना इंजिन. मळ्यावरची कितीतरी कामं त्या पाण्यानं केली.

घराण्याच्या पाच पिढ्या इथे नांदल्या. पुढे १९६५ मध्ये शेजारी विद्यापीठ आलं, शहर वाढू लागलं. जमीन कसून काय हाती येतं हे न बघता ती विकली तर काय येईल यावर कर बसू लागला, आणि कराचा आकडा मळ्याच्या उत्पन्नापुढे गेला. १९६९ मध्ये वाइल्डरांनी जमीन विकली. घेणाऱ्या कंपनीनं सुमारे १०,००० घरांचा आराखडा मांडला. तेव्हा सांताक्रूझचे रहिवासी 'ऑपरेशन वाइल्डर' या नावानं एकत्र आले आणि त्यांनी तो आराखडा हाणून पाडला. १९७४ मध्ये राज्यानं जमीन विकत घेतली. पार्क लोकांसाठी खुलं व्हायला १९८९ उजाडलं.

नागरिकांच्या त्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक सांगायला हवं: जमीन वाचली, शेतकरी कुटुंब वाचलं नाही. करपद्धती वेळेत सुधारली असती तर कदाचित दोन्ही टिकलं असतं. पार्कच्या काही भागात आजही खंडानं शेती चालते, ब्रसेल्स स्प्राउट्स पिकतात, एवढं समाधान.

सॅन होजेच्या बाजूला तुमचं कुणी राहत असेल, तर तिकडे गेल्यावर नुसते समुद्रकडे पाहून परतू नका. ते यंत्रघर जरूर बघा.