लहान प्रणालीचें माहिती-कोठार



एखाद्या वाचनालयाची देवघेव किंवा पतपेढीचा हिशेब ठेवण्यासाठीं एकटादुकटा माणूस संगणकावर लहानशी प्रणाली लिहावयास बसतो, तेव्हां माहिती ठेवावयाची कोठें, हा प्रश्न त्याच्यापुढें प्रथम उभा राहतो. मोठ्या संस्थांत डेटाबेस स्वतंत्र सर्व्हरवर चालतो आणि त्याची निगा राखण्यास माणसें असतात. लहान कामास हा थाट परवडत नाहीं. म्हणून डेटाबेस प्रणालीच्या पोटांतच बसवितात. बहुधा सारी माहिती एकाच फाइलींत राहते. यासच एम्बेडेड डेटाबेस म्हणतात.

त्यांतील ऑब्जेक्ट डेटाबेस हा प्रकार मोठा मोहक आहे. प्रणालींत 'सभासद' ही एक वस्तु असते. तिच्या पोटीं नांव, पत्ता व नेलेलीं पुस्तकें. तक्त्यांच्या डेटाबेसमध्यें हा सभासद मोडून दोन-तीन तक्त्यांत ओळीओळीनें मांडावा लागतो आणि वाचतांना पुन्हां जुळवावा लागतो. ऑब्जेक्ट डेटाबेस त्याला आहे तसा उचलून ठेवतो व मागितल्यावर तसाच परत देतो.

या मोहास मीही बळी पडलों. एका वाचनालयासाठीं पायथन भाषेंत, झेडओडीबी नांवाचा ऑब्जेक्ट डेटाबेस घेऊन, मीं प्रणाली लिहिली. काम झटपट झालें. तिसऱ्या वर्षीं आवराआवर करतांना मीं 'सभासद' या क्लासचें नांव बदललें, आणि दुसऱ्या दिवशीं ग्रंथपालांचा निरोप आला कीं, सभासदांची यादी उघडत नाहीं. झेडओडीबी वस्तूबरोबर तिच्या क्लासचें केवळ नांव लिहून ठेवतो. क्लासची घडण राहते प्रणालीच्या मजकुरांत. नांव बदलतांच वस्तु सांपडते, पण ती कशाची हें ओळखतां येत नाहीं. जुनें नांव नव्या क्लासकडे वळविणारी एक ओळ घातली आणि सर्व सभासद परत आले. तोंवर खिडकीपुढें रांग लागली होती व देवघेव कागदावर चालली होती. माझ्या मजकुरावांचून ती फाइल कोणासही नीट वाचतां येणार नाहीं, हें मला त्या दिवशीं कळलें. उद्यां मीच नसलों तर?

हीच गोष्ट डेटाबेसच्या कर्त्यांची. जावा व डॉटनेटसाठीं निघालेला डीबीफोरओ एके काळीं या वर्गांत अग्रगण्य होता. २००८ सालीं तो व्हर्संट कंपनीकडे गेला, व्हर्संटसह पुढें ॲक्टियनकडे. आणि २०१४ सालीं ॲक्टियननें त्याचा पाठपुरावा सोडला. ज्यांच्या नोंदी त्यांत होत्या त्यांना आपापली वाट शोधावी लागली.

याउलट एसक्यूलाइट पाहा. रिचर्ड हिप यांनीं तो २००० सालीं प्रसिद्ध केला. त्यावर कोणाचीही मालकी नाहीं, फाइलीची रचना उघड लिहून ठेवलेली आहे, आणि २०५० पर्यंत तो सांभाळण्याचा कर्त्यांचा मानस आहे. तो तक्त्यांचाच आहे. मोडण्या-जुळवण्याची कटकट सोसावी लागते. तरी माणसांच्या नोंदी ज्या प्रणालींत राहावयाच्या, तिच्यासाठीं मी आतां तोच निवडीन. नकाशा, खेळाचा डाव, गुंतागुंतीचें रेखाचित्र, अशा एकमेकांत अडकलेल्या वस्तूंस मात्र तक्ते जाचक होतात. तेथें ऑब्जेक्ट डेटाबेस खुशाल घ्यावा. घेण्यापूर्वीं एका प्रतीवर क्लासचें नांव बदलून पाहावें, लिहीत असतां प्रणाली मध्येंच बंद पाडून पाहावी, आणि सर्व माहिती साध्या मजकुरांत बाहेर काढतां येते कीं नाहीं, हें पहिल्याच दिवशीं तपासावें. हें शेवटचें काम पुढें ढकललें कीं राहूनच जातें.

त्या वाचनालयाची प्रणाली मीं बदललेली नाहीं. चालू गाडा मोडण्याचें धैर्य झालें नाहीं. रोज रात्रीं मात्र ती सर्व सभासद व त्यांच्याकडील पुस्तकें साध्या मजकुराच्या फाइलींत उतरविते. ग्रंथपाल दर सोमवारीं ती फाइल स्वतः उघडून पाहतात.