मुलांच्या हातातला खेळ आणि दुकानाचा गल्ला
मोबाईलवरील खेळाची खाती ठगांपासून कशी राखावीत?

भंडारा जिल्ह्यात तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर सिहोरा हे गाव आहे. थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशची हद्द लागते. परिसर धानाचा. धानाचा पैसा हाती आला की बाजार हलतो, एरवी दुकानदाराची वही उधारीवर चालते. अशा गावातील किराणावाला, कापडवाला, बांगडीवाला, शिलाईवाला, पंक्चर काढणारा किंवा वेल्डिंगचे काम करणारा कारागीर, कोणाचेही भांडवल फार मोठे नसते. पाच-दहा हजारांची रक्कम एकदम गेली, तर पुढच्या महिन्याचा माल भरता येत नाही.

पूर्वी हे भांडवल गल्ल्यात असे आणि गल्ल्याची किल्ली कमरेला असे. आता दुकानासमोर क्यूआरची पाटी लागली आहे. गिऱ्हाईक मोबाईलने पैसे देते आणि ते सरळ बँकेत जमा होतात. याचा अर्थ गल्ला मोबाईलमध्ये आला. आणि हाच मोबाईल इशाच्या नमाजनंतर, दुकान वाढवून घरी गेल्यावर, मुलाच्या हातात जातो. त्यावर तो फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय खेळतो. गल्ल्याची किल्ली आपण मुलाच्या हाती खेळायला दिली नसती, मोबाईल मात्र देतो. म्हणून खेळाच्या खात्याची सुरक्षितता हा विषय आम्ही मुलांच्या पानावर न देता व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

खेळाच्या खात्यात चोरण्यासारखे काय असते?

अनेक वडिलांना वाटते, खेळच तो, चोर काय नेणार? पण या खेळांत हिरे, यूसी, पोशाख, बंदुका अशा वस्तू खऱ्या पैशाने विकत घ्याव्या लागतात. दोन-तीन वर्षे खेळलेल्या मुलाच्या खात्यात हजारो रुपयांच्या वस्तू जमा झालेल्या असू शकतात. असे खाते चोरून दुसऱ्याला विकता येते. म्हणजे चोराच्या दृष्टीने तो मालच आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यांतील बहुतेक खेळांना वेगळी किल्ली नसते. मुले गुगल किंवा फेसबुकच्या खात्यातून खेळात शिरतात. घरातील एकाच मोबाईलवर गुगलचे खाते बहुधा वडिलांचे असते. त्याच खात्यात व्यापाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक, आधारकार्डाचे व पासबुकाचे फोटो आणि बिले असतात. केवळ गुगलचा पासवर्ड गेल्याने बँकेतील पैसे जात नाहीत, हे खरे. पण ठगाला आपले नाव, बँक, कागदपत्रे आणि ओळखीची माणसे कळतात, आणि पुढची फसवणूक तो याच माहितीवर उभी करतो.

ठगांच्या चार चाली

पहिली चाल फुकटाची. खेळाच्या गप्पांत किंवा व्हॉट्सॲपवर एक दुवा येतो : येथे दाबा, हजार हिरे मोफत मिळवा. दाबले की हुबेहूब खेळाच्या कंपनीसारखे पान उघडते आणि गुगल किंवा फेसबुकचा पासवर्ड मागते. पासवर्ड टाकला की तो ठगाकडे पोहोचतो. पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते. इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसलेल्याला ते दिसत नाही.

दुसरी चाल एपीकेची. खेळात जिंकवून देणारे खास ॲप म्हणून एपीके नावाची फाईल पाठवतात. ती प्ले स्टोअरवरून आलेली नसते. बसवताना ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि मुलगा घाईत होय म्हणतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी ठग वाचतो. येथे मात्र दुकानाचा पैसा थेट धोक्यात येतो.

तिसरी चाल खरेदीची. तुझी आयडी पाच हजारांना घेतो, असे सांगून ठग क्यूआर पाठवतो किंवा पिन टाकायला सांगतो. येथे एक नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन मागणारा ठगच आहे.

चौथी चाल जुन्या आयडीच्या विक्रीची. मुलगा साठवलेल्या पैशातून दुसऱ्याची भारी आयडी विकत घेतो. आठ दिवसांनी मूळ मालक आपल्या जुन्या ईमेलवरून ती परत ताब्यात घेतो. आरसी बुक नसलेली मोटारसायकल आपण घेत नाही, मग कागद नसलेली आयडी का घ्यावी? शिवाय अशी खरेदी-विक्री खेळाच्या कंपन्यांच्या अटींत बसत नाही. कंपनीकडे दाद मागायला गेले तर खातेच बंद होण्याची शक्यता असते.

या चारही चालींत ठगाची बोली गोड असते. कोणी सलाम करून भाईजान म्हणाला, म्हणून तो आपला होत नाही. बाजारात अनोळखी माणसाला आपण उधार देत नाही. तोच नियम येथे लावावा.

शेजारच्या जिल्ह्यातील धडा

मोठी माणसे फसत नाहीत, असे कोणी समजू नये. २०२३ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पोलिसांकडे तक्रार केली. त्याला व्हॉट्सॲपवर एक दुवा पाठवून ऑनलाईन जुगाराचे खाते उघडून देण्यात आले होते. सुरुवातीला त्यात आठ लाख रुपये दिसले, काही डाव जिंकलेही. मग हार सुरू झाली आणि तक्रारीनुसार एकूण ५८ कोटी रुपये गेले. आरोप आपल्या शेजारच्या गोंदियातील एका बुकीवर झाला. त्याच्या घरावरील छाप्यात पोलिसांना कोट्यवधींची रोकड आणि कित्येक किलो सोने सापडले. तो आधीच दुबईला निघून गेल्याचे तेव्हा पोलिसांनी सांगितले होते.

व्यापारी हिशेबाला पक्का असतो. तरीही हे घडले, कारण पडद्यावर दिसणारा आकडा त्याने खरा धरला. खेळवणाऱ्याच्या हाती असलेल्या ॲपमधील आकडा म्हणजे जमा नव्हे. जमा तीच, जी आपल्या बँकेत आली.

पैसे लावून खेळण्याबद्दल आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. सूरह माइदामध्ये शराबबरोबर जुगारालाही मनाई आहे. देशाचा कायदाही आता त्याच दिशेने आला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारे विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केले आणि २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्यामुळे आज कोणी पैसे लावायचा खेळ घेऊन आला, तर तो कायद्याबाहेरचा माणूस समजावा. पैसे बुडाल्यावर तो कोणत्या दारात सापडणार?

कुलूप कसे लावावे?

१) शक्य असल्यास दुकानाच्या यूपीआयचा व बँकेचा मोबाईल वेगळा ठेवावा आणि तो खेळायला देऊ नये. दुसरा फोन घेणे परवडत नसेल, तर निदान बँकेच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे आणि दुकानाच्या खात्यात रोजच्या गरजेपुरतीच रक्कम ठेवावी. उरलेली रक्कम यूपीआयला न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात असावी.

२) खेळासाठी गुगलचे वेगळे खाते उघडावे. त्यात दुकानाची कागदपत्रे नसावीत.

३) प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड द्यावा. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या खेळाच्या जाळ्यात चोर शिरले आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली. खेळणाऱ्यांची काही चूक नव्हती. पण ज्यांनी तोच पासवर्ड इतरत्र वापरला होता, त्यांची बाकीची कुलुपेही सैल झाली.

४) गुगल व फेसबुकमध्ये दुहेरी पडताळणी सुरू करावी. मग पासवर्ड चोरीला गेला तरी दुसऱ्या खुणेशिवाय दार उघडत नाही. ही खूण, म्हणजे ओटीपी, कोणालाही सांगू नये. कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

५) खात्याला जोडलेला सिम चालू ठेवावा. रिचार्ज न केलेला सिम बंद पडतो आणि किमान ९० दिवसांनंतर तोच क्रमांक दुसऱ्याला मिळू शकतो. मग आपल्या खात्याचा ओटीपी परक्याच्या हातात जातो. क्रमांक बदलला, तर बँक, गुगल आणि खेळ या तिन्ही ठिकाणी त्याच दिवशी बदलावा.

६) खेळातील आपला खेळाडू क्रमांक, खाते उघडल्याची तारीख आणि खरेदीच्या पावत्या वहीत लिहून ठेवाव्यात. खाते चोरीला गेल्यावर मालकी सिद्ध करण्यास याच उपयोगी पडतात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. व्यापाऱ्याला ही सवय नवी नाही.

७) खेळात भेटलेल्या अनोळखी माणसाला फोटो, पत्ता किंवा क्रमांक देऊ नये, हे मुलामुलींना सांगावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या एका कार्यक्रमात अभिनेते अक्षयकुमार यांनी सांगितले की, खेळताना एका अनोळखी व्यक्तीने त्यांच्या मुलीकडे अश्लील फोटो मागितला. तिने खेळ तिथेच बंद केला आणि आईला जाऊन सांगितले. आपल्या मुलीलाही असे सांगता यावे, इतका विश्वास घरात हवा.

दुकानदारासाठी आणखी एक इशारा

ठगांना लुटीचा पैसा फिरवण्यासाठी दुसऱ्यांची बँक खाती लागतात. खाते भाड्याने दे, बसल्या जागी पैसे मिळतील, असे सांगून ते तरुणांना गाठतात. अशा तरुणावर फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी होण्याची वेळ येते. दुकानदाराची गोष्ट थोडी निराळी असते. अनोळखी माणूस येतो, पाच हजार ऑनलाईन टाकतो आणि रोख मागतो. तो पैसा कोणाच्या तरी लुटीचा निघाला, तर तपासात तेवढी रक्कम अडकते, प्रसंगी खातेच गोठते. मग घाऊक व्यापाऱ्याला चुकारा कसा करणार? म्हणून अनोळखी माणसाला ऑनलाईनच्या बदल्यात रोख देऊ नये, आणि मोठ्या विक्रीचे बिल फाडावे. चौकशी झालीच, तर बिल आपली बाजू सांगते.

चोरी झालीच तर

पैसे गेले असतील, तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करावा. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे. तक्रार लवकर पोहोचली, तर पैसा ठगाच्या खात्यातून पुढे जाण्याआधी रोखता येतो. लगेच बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

एपीके बसवली गेली असेल, तर फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून गुगल व फेसबुकचे पासवर्ड बदलावेत आणि सर्व उपकरणांतून बाहेर पडण्याची सोय वापरावी. मग पावत्यांसह खेळाच्या कंपनीकडे दाद मागावी. ठगाचे निरोप पुसू नयेत, तो पुरावा आहे. सिहोऱ्यात पोलीस ठाणे आहे, तेथे लेखी तक्रार द्यावी. दुसऱ्याचा पासवर्ड चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार, तर संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा कलम ६६ ड नुसार गुन्हा आहे. दोहोंना तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये असे ठरवले की, ग्राहकाची व बँकेची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान आपले. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे प्रत्येक घटका मोलाची आहे.

आणि ही घटका बहुधा घरातच वाया जाते. मुलाला कळते की चूक झाली. वडील मारतील या भीतीने तो गप्प राहतो, संदेश पुसतो आणि दोन-तीन दिवस निघून जातात. तोवर पैसा चार खात्यांतून पसार झालेला असतो. ज्या घरात मुलगा लगेच येऊन अब्बाला सांगू शकतो, त्या घराचे नुकसान कमी होते. रागावण्याचे काम नंतरही करता येईल, आधी १९३० लावावा.

मशिदीत जुम्म्याला सारे जमतात. नमाजनंतर दहा मिनिटे काढून एखाद्या जाणत्या तरुणाने बुजुर्गांच्या फोनमध्ये दुहेरी पडताळणी सुरू करून दिली, तर ती मोठी खिदमत ठरेल. व्यापाऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या एकट्याचा पैसा नसतो. घाऊकवाल्याचे देणे, कारागिराची मजुरी आणि गिऱ्हाईकाची आगाऊ रक्कम त्यात असते. ती अमानत आहे, आणि अमानतीची राखण आपल्यावर आहे.