संशोधन आणि आपण : राळेगणसिद्धीच्या निमित्ताने



व्याख्यानमालेच्या चालकांनी 'संशोधन' हा विषय कामगार संघटनेत वावरणाऱ्या माणसाकडे का सोपवला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मी विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. दहावीनंतर लेथवर उभा राहिलो. पुढचे वाचन सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु संशोधन विद्यापीठात सुरू होत असले तरी ते तेथे संपत नाही. ते शेवटी आपल्या विहिरीत, पोरांच्या शाळेत आणि पगाराच्या चिठ्ठीत येऊन उतरते. ज्या टोकाला ते उतरते, त्या टोकाकडून आज त्याच्याकडे पाहू.

उदाहरण जवळचेच घेतो. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी हे पर्जन्यछायेतले गाव. पाऊस जेमतेम आणि तोही लहरी. 1975 साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा तेथे शेतीपेक्षा दारूच्या भट्ट्यांचीच ख्याती अधिक होती. पुढे यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हा सारा इतिहास आपणांस ठाऊक आहे. गाव पालटले, आणि पालटलेले गाव पाहावयास अभ्यासकांची रीघ लागली. कोणी पाण्याचा अभ्यास केला, कोणी सौर दिव्यांचा व गोबर गॅसचा, कोणी शाळेचा, कोणी घरखर्चाचा. गावकरी सर्वांना चहा देत राहिले आणि प्रश्नांची उत्तरे देत राहिले. मला विचारावयाचे आहे ते एवढेच, की बाहेरच्या माणसाने वहीत लिहून नेलेला आकडा खरा केव्हा धरावा?

पाण्यापासून सुरुवात करू. गावात एक जुना पाझर तलाव होता, पण तो गळका होता. पाणी टिकत नव्हते. लोकांनी श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली आणि तलावाखालच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले, असे सांगतात. ऐकणारा म्हणेल, झाले सिद्ध! अभ्यासक मात्र येथे थांबतो, आणि त्याने थांबलेच पाहिजे. कारण त्याच वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर? मग श्रेय तलावाला द्यावयाचे की ढगाला?

आपल्याकडची जमीन बसाल्ट दगडाची, म्हणजे काळ्या पाषाणाची आहे. वाळूत पाणी जसे सर्वदूर मुरते तसे या दगडात मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. त्यामुळे एका विहिरीला पाणी लागते आणि पन्नास पावलांवरची दुसरी कोरडी राहते. एका विहिरीवरून गावाचा निष्कर्ष काढता येत नाही तो याचसाठी. म्हणून विहिरी अनेक हव्यात, त्याच विहिरी वर्षानुवर्षे मोजायला हव्यात, आणि मोजणीचा महिनाही तोच हवा. मे महिन्याची पातळी मे महिन्याशीच ताडावयाची. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 साली स्थापन झाली. तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजण्याची पद्धत आहे : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. टेप खाली सोडायचा, पाणी जमिनीपासून किती मीटरवर आहे ते टिपायचे. काम अगदी साधे आहे, पण वीस वर्षे न चुकता करावे लागते. शेजारी पर्जन्यमापकाची वही हवी. आणि तसाच पाऊस पडणारे, पण बांधबंदिस्ती न झालेले एखादे गावही त्याच काळात मोजलेले हवे.

ही शेवटची अट सर्वांत अवघड. कारखान्यात नवे हत्यार आले की एका मशीनवर जुने आणि दुसऱ्यावर नवे लावून आम्ही जॉब मोजतो. गावाच्या बाबतीत तसे दुसरे राळेगण कोठून आणावयाचे? शिवाय काम सुरू होण्यापूर्वी सहसा कोणी मोजलेले नसते. गाव नावारूपाला येते आणि मग अभ्यासक येतात. पूर्वी काय होते हे मग म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून गोळा करावे लागते. आठवण खोटी नसते, पण तिला मीटर आणि सेंटिमीटर नसतात.

आणखी एक गोष्ट. राळेगणच्या लोकांनी पाणी अडवले, तसेच ते उपसण्यावर बंधनेही घातली. उसासारखे तहानलेले पीक टाळले. हा विचार त्यांच्या आधी पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीच्या रूपाने करून दाखवला होता, आणि राळेगणने त्यापासून बोध घेतला. साळुंखे शिक्षणाने इंजिनिअर. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने द्यावयाचे, माणशी अर्धा एकर व कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, असे त्यांचे नियम होते. आता पाहुणा अभ्यासक येतो तेव्हा त्याला बांध दिसतो, त्याचे छायाचित्र निघते. नियमाचे छायाचित्र निघत नाही. तो परत जाऊन 'बांध घातल्याने पाणी वाढले' असे लिहितो. ते वाचून दुसऱ्या गावी नुसता बांध होतो, शेजारी दहा नव्या मोटारी बसतात, आणि तिसऱ्या वर्षी विहिरी पुन्हा तळाला. अर्धवट संशोधन हे असे महागात पडते.

कष्टाचे संशोधन कसे असते, याचाही दाखला दूर शोधावयास नको. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली; तो अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष लाभ म्हणजे शेतकऱ्याचे वाढलेले पीक. अप्रत्यक्ष लाभ शोधावयाचा तर मजुराला किती दिवस काम मिळाले, गाडीवानाचा, वाण्याचा, सुताराचा धंदा किती वाढला, इथपर्यंत जावे लागते. कालव्याचे उत्पन्न म्हणजे सरकारात जमा झालेली पाणीपट्टी, एवढाच हिशेब धरणाऱ्यांना हे उत्तर होते. विशेष असे की हे गाडगीळ अहवाल छापून पुण्यात बसून राहिले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढला, त्याचे अध्यक्षपद त्यांनी पत्करले. ज्या लोकांची पाहणी केली, त्यांच्याच सभेत बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची पाळी फार थोड्या प्राध्यापकांवर आली असेल.

शाळेविषयी थोडक्यात. राळेगणच्या शाळेची ख्याती अशी, की अन्यत्र नापास झालेल्या मुलांना तेथे आवर्जून प्रवेश दिला गेला. आता दहावीच्या निकालाची टक्केवारी घेऊन ही शाळा शहरातल्या निवडक मुलांच्या शाळेशेजारी ठेवली तर काय कळेल? एका कारागिराला साफ सळई दिली आणि दुसऱ्याला गंजलेली, आणि संध्याकाळी दोघांचे जॉब मोजून पहिला हुशार ठरवला, असे ते होईल. मूल कोठून निघाले आणि कोठवर पोचले, हे मोजावे लागते. मध्येच जी मुले शाळा सोडून गेली त्यांचीही गणती हवी, कारण ती निकालाच्या तक्त्यात दिसतच नाहीत. तंत्राचेही तसेच. सौर दिवा बसला ही बातमी झाली. पाच वर्षांनी बॅटरी कोणी बदलली, हा संशोधनाचा प्रश्न.

आता जो विषय माझ्या रोजच्या कामाचा, त्याकडे वळतो : माणूस पैसा कशावर खर्च करतो. राळेगणमध्ये 1980 च्या सुमारास धान्यकोठी सुरू झाली. ज्याच्याकडे उरले त्याने द्यायचे, अडलेल्याने न्यायचे आणि पुढच्या सुगीला थोडे वाढवून परत करायचे. ज्या घराला पावसाळ्याच्या तोंडावर सावकाराकडे जावे लागत नाही, त्या घराचा खर्च निराळा होतो. हे गावाने ओळखले आणि त्यावर उपाय केला. मला तर हेच उत्तम ग्राहक-संशोधन वाटते. बाजारातले ग्राहक-संशोधन विकणारा करतो, आणि त्याचा अहवाल आपल्याला कधी दिसत नाही. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो, आतली बिस्किटे मात्र कमी होतात. किंमत वाढली की गिऱ्हाईक बिथरते, वजन घटले तर त्याच्या ध्यानात येत नाही, हे कोणीतरी मन लावून तपासले असल्याशिवाय का असे होते?

खर्चाची मोजणी कामगाराच्या जिवाशी कशी भिडते, हे समजण्यासाठी राळेगणहून मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. मुंबई सरकारचे मजूर कार्यालय 1921 साली निघाले आणि फिंडले शिराज यांच्या देखरेखीखाली 1921-22 मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली. तांदूळ किती, रॉकेल किती, खोलीचे भाडे किती, व्याज किती, असे चाळीतल्या घरांत जाऊन विचारले गेले. अशा पाहणीतून एक टोपली ठरते. टोपलीतल्या प्रत्येक जिनसाला त्याच्या खर्चाप्रमाणे वजन देतात, महिन्याच्या महिन्याला भाव गोळा करतात, आणि त्यातून महागाईचा निर्देशांक निघतो. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता पुढे याच आकड्याला बांधला गेला. म्हणजे टोपली चुकली किंवा भाव चुकीचा टिपला, तर लाखो घरांतली चूल त्या प्रमाणात मंद होते.

आणि तसे घडलेही. बाजारात भाव चढत असताना निर्देशांक मात्र हलेना. कामगारांनी आकड्यावरच शंका घेतली. 20 ऑगस्ट 1963 रोजी मुंबई बंद झाली. प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली, आणि निर्देशांक वस्तुस्थितीपेक्षा कमी दाखवला जात होता, हे समितीच्या तपासणीत निघाले. वेतनासाठी संप पुष्कळ झाले. आकडेवारीच्या पद्धतीवरून शहर बंद पडल्याचे उदाहरण मात्र विरळा.

आजही ही गोष्ट जुनी झालेली नाही. आमच्या सुपे औद्योगिक वसाहतीत पारनेर तालुक्यातली कोरडवाहू घरांतली पोरे ठेकेदाराकडे राबतात. त्यांच्या किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी निर्देशांकावरूनच ठरतो. सप्टेंबर 2020 पासून 2016 हे पायाभूत वर्ष धरून औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची नवी मालिका सुरू झाली. त्यासाठी देशातल्या 88 केंद्रांत 48,384 कुटुंबांचा खर्च तपासला होता. पूर्वीच्या मालिकेत अन्नाचे वजन शंभरात 46.2 होते, ते नव्या मालिकेत 39.17 झाले. अर्थ असा : अन्न दहा टक्क्यांनी महागले आणि बाकी काहीच हलले नाही, तर जुन्या वजनाने निर्देशांक 4.62 टक्के चढला असता, नव्याने तो 3.92 टक्के चढेल. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. मोबाइल, शाळेची फी, दवाखाना, जाण्यायेण्याचा खर्च हे सारे वाढले आहे, आणि सरासरी कामगाराच्या खर्चात अन्नाचा वाटा घटतो हे जर्मनीच्या एर्न्स्ट एंगेल यांनी 1857 सालीच दाखवलेल्या नियमाला धरून आहे. पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी, की घर जितके गरीब तितका अन्नाचा वाटा मोठा. कायम कामगार आणि ठेकेदाराकडचा कामगार यांची एकत्र सरासरी काढली, की सर्वांत खालच्या माणसाची टोपली तिच्यात बुडून जाते. वाटाघाटीच्या टेबलावर हे मांडता यावे म्हणून मी वजनाचे तक्ते वाचावयास शिकलो.

उत्तरे देण्यातही आपली जबाबदारी असते. एका कामगाराच्या खोलीवर मी बसलो असताना पाहणी करणारा तरुण आला. त्याने विचारले, "भाऊ, महिन्याला गोडेतेल किती लागते?" भाऊंनी बेधडक सांगितले, "दोन किलो." आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, दोन किलो कुठले? चार लागतं. अन् मागच्या महिन्यात परवडलं नाही म्हणून तीनच आणलं." त्या पोराने पेन थांबवले. लागते ते लिहायचे की आणले ते, असा त्याला प्रश्न पडला. नमुन्यात रकाना एकच होता. शेवटी त्याने तीन लिहिले. नियमाने ते बरोबरच, कारण पाहणी झालेल्या खर्चाची असते. पण जे परवडले नाही म्हणून आणले नाही, ते कोणत्याच तक्त्यात येत नाही.

याच जिल्ह्यात हिवरे बाजार या गावाने आता दुसरी वाट धरली आहे. राळेगणच्या मागोमाग, पोपटराव पवार सरपंच असताना, तेथे पाणलोटाचे काम झाले आणि पुढे गाव आपल्या पाण्याचा ताळेबंद स्वतःच मांडू लागले. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे, पिण्याला किती लागेल आणि शेतीला किती उरते, याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावरून रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाण्याची पिके त्या वर्षी आवरती घेतात. आकडा गावाचा, गावाच्या भाषेत आणि गावाच्या समक्ष. तो चुकला तर चूक दाखवणारा तेथेच बसलेला असतो.

मात्र अशा ताळेबंदात जमीनवाल्याचे पीक दिसते, तसे मजुराचेही काही दिसावे. साळुंख्यांच्या पाणी पंचायतीत भूमिहीनाला वाटा होता. गाडगिळांनी कालव्याचा अप्रत्यक्ष लाभही हिशेबात धरला होता. पीक बदलले की खुरपणीचे आणि काढणीचे दिवस बदलतात, आणि ज्या बाईचे पोट त्या दिवसांवर आहे तिला विहिरीच्या पातळीइतकीच त्या दिवसांची गणती महत्त्वाची. राळेगण असो, हिवरे बाजार असो, पुढचा अभ्यासक आला की त्याच्या वहीत पाण्याच्या रकान्याशेजारी मजुरीच्या दिवसांचा रकाना आखलेला आहे की नाही, हे गावकऱ्यांनी चहा देण्यापूर्वीच त्याला विचारावे.