जठरपट्टीची शस्त्रक्रिया : गावी परतल्यानंतरचा आहार, व्यायाम व दक्षता

पांढुर्णा तालुक्यातील तिगाव हे गाव नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसलेले आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. पुढे राजधानी भोपाळला गेली आणि २०२३ साली पांढुर्णा व सौसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तथापि मोठ्या दुखण्यासाठी नागपूर गाठण्याचा या भागातील प्रघात आजही कायम आहे. शहरात शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि विश्रांतीसाठी गावी यावे, असा हा क्रम असतो. बहुतेक शस्त्रक्रियांच्या बाबतीत टाके सुकले की रुग्णाचा रुग्णालयाशी संबंध संपतो. अतिरिक्त वजन कमी करण्यासाठी केल्या जाणाऱ्या जठरपट्टीच्या शस्त्रक्रियेचे मात्र तसे नाही. येथे उपचाराचा खरा भाग रुग्ण घरी परतल्यानंतरच सुरू होतो. म्हणून रुग्णाबरोबरच त्याचे कुटुंबीय, गावातील आरोग्य कर्मचारी व शिक्षक यांनाही या विषयाची माहिती असणे अगत्याचे आहे.

लठ्ठपणा हा आता केवळ शहराचा प्रश्न राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी व झोपेत श्वास अडखळणे हे विकार अशा वजनापाठोपाठ येतात. २०११ साली नागपूरचे नेते श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा या भागातील अनेकांचे लक्ष या उपचाराकडे वेधले गेले.

पट्टी म्हणजे काय?

जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकोनचे एक पोकळ कडे बसविले जाते. त्यामुळे कड्याच्या वर जठराची लहानशी पिशवी तयार होते. तिच्यात एका वेळी दोन-चार चमचे अन्न मावते आणि ते अरुंद वाटेने हळूहळू खाली उतरते. थोड्या अन्नाने पोट भरल्याची भावना होते, एवढेच या पट्टीचे कार्य आहे. कड्यापासून निघालेली एक बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसविलेल्या चपट्या डबीला जोडलेली असते. या डबीस पोर्ट म्हणतात. तिच्यात विशिष्ट सुईने निर्जंतुक सलाइन भरले की कडे घट्ट होते व काढून घेतले की सैल होते.

अशी घट्ट-सैल करता येणारी पट्टी डॉ. लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत प्रथम वापरली. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी ती दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता बसविली. २००१ मध्ये अमेरिकेच्या शासनाने तिला मान्यता दिली आणि पुढील दहा वर्षांत तिचा प्रसार जगभर झाला. त्यानंतर मात्र तिचा वापर पुष्कळ घटला. पट्टी सरकणे, जठरात रुतणे, वजन पुरेसे न घटणे अशा कारणांनी अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक रुग्णांची जी पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात साडेचार वर्षांच्या सरासरी काळात पाचांमागे जवळजवळ एका रुग्णावर ही वेळ आल्याचे आढळले. आता बहुधा जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणे, अथवा अन्नाचा मार्ग आतड्याकडे वळविणे या शस्त्रक्रिया केल्या जातात.

लोकभाषेत या सर्वच शस्त्रक्रियांना सरसकट पट्टी म्हटले जाते व तेथे गैरसमज होतो. पट्टी असल्यास ती सैल करता येते. इतर दोन प्रकारांत तसे काही नसते व जीवनसत्त्वांची उणीव अधिक होते. म्हणून कोणती शस्त्रक्रिया झाली, केव्हा झाली, पट्टीत किती सलाइन आहे व शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी क्रमांक कोणता, हे लिहिलेले कार्ड रुग्णाने सदैव जवळ बाळगावे.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास देहभार निर्देशांक म्हणतात. १६० सेंटिमीटर उंची व ९० किलो वजन असल्यास तो सुमारे ३५ येतो. भारतीयांमध्ये २५ व त्यापुढील निर्देशांक लठ्ठपणाचा मानतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार सर्वसाधारणपणे ३५ च्या पुढे, तर आशियाई लोकांमध्ये २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आरोग्यविम्याचे निकष मात्र याहून कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या प्रमाण नियमानुसार निर्देशांक ४० असावा, किंवा गंभीर आनुषंगिक आजार असल्यास ३५ असावा, आणि अन्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत, अशा अटी आहेत. खर्चाचा अंदाज बांधण्यापूर्वी ही बाब तपासून घ्यावी.

आहाराचे टप्पे

पहिले सुमारे दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ द्यावेत : वरणाचे पाणी, पातळ ताक, गाळलेले सूप, साखर न घातलेले दूध. पुढील दोन आठवडे घोटून एकजीव केलेले पदार्थ, त्यानंतर मऊ अन्न आणि साधारण सहा आठवड्यांनी घन आहार, असा क्रम असतो. टप्प्यांची मुदत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठरवावी. या काळात घाई केल्यास ओकाऱ्या होतात व ताजी बसविलेली पट्टी जागेवरून सरकू शकते.

पुढे आयुष्यभर पाळावयाचे नियम थोडे आहेत, परंतु ते कटाक्षाने पाळले पाहिजेत. घास बोटाच्या पेराहून लहान असावा व तो पीठ होईपर्यंत चावावा. जेवणास वीस ते तीस मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच ताट दूर सारावे.

आपल्या नेहमीच्या अन्नापैकी कोरडी भाकरी, ताजी मऊ पोळी, पाव व चिकट भात यांचा गोळा होऊन तो अरुंद वाटेत अडकतो. भाकरी वरणात किंवा कढीत चांगली कुस्करून घ्यावी. ज्वारीच्या कण्या, पातळ पिठले, मऊ शिजविलेली तूर व मूग, अंडी, पनीर हे पदार्थ बहुतेकांस मानवतात. दररोज सुमारे ६० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे आवश्यक असते. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने कमी पडल्यास वजन घटते खरे, पण ते चरबीचे न घटता स्नायूंचे घटते, केस गळतात व अशक्तपणा येतो.

संत्र्याबाबत या भागात विशेष सूचना करणे आवश्यक आहे. पांढुर्णा-सौसरचा परिसर संत्र्याच्या बागांचा आहे व हंगामात घरोघर संत्री असतात. संत्र्याच्या फोडीवरील पापुद्रा व पांढरा गाभा मात्र जठरात सहज विरघळत नाही. जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत अशा तंतूंचा घट्ट गोळा बनून मार्ग बंद झाल्याची उदाहरणे वैद्यकास फार पूर्वीपासून ज्ञात आहेत. रुग्णाने फोड सोलून आतील गर तेवढा चावून खावा. नुसता रस पिण्याची सवयही नको. कारण पट्टी घन अन्नास अडविते, गोड पातळ पदार्थास अडवीत नाही. उसाचा रस, सरबत, आइस्क्रीम व बासुंदी यांनी वजन पुन्हा वाढते आणि शस्त्रक्रिया व्यर्थ जाते.

आग्रह व उपवास

पोळ्याच्या सणाला अथवा लग्नाच्या पंगतीत आग्रह करून वाढणे ही आपली रीत आहे. पट्टी असलेल्या व्यक्तीस आग्रहाचा एक घास म्हणजे अर्धा तास छातीत कळ व अखेरीस ओकारी. यजमानांनी याचा राग मानू नये. एकादशीस दिवसभर उपाशी राहून सायंकाळी साबुदाण्याची खिचडी खाणेही हितावह नाही, कारण ती चिकट असते व तिच्यात प्रथिने अल्प असतात. निर्जळी उपवास तर सर्वथा टाळावा.

व्यायाम व कष्टाची कामे

शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच थोडे चालणे सुरू करावयाचे असते. त्यामुळे पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पहिले चार ते सहा आठवडे मात्र जड वजन उचलू नये. पाण्याची घागर, संत्र्यांचे क्रेट, कापसाचे गाठोडे व खताचे पोते या काळात इतरांनी उचलावे. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने काम हळूहळू वाढवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम व दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. दररोज अर्धा तास झपाझप चालल्यास आठवड्याभरात हे प्रमाण सहज पूर्ण होते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे, असे साधे व्यायामही स्नायू टिकविण्यास पुरेसे असतात. सूर्यनमस्कार व पुढे वाकण्याची आसने टाके पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांस विचारून व रिकाम्या पोटी करावीत. अन्यथा अन्न घशाशी येते.

उन्हाळ्यात अधिक सावध राहावे. तहान लागल्यावर तांब्याभर पाणी घटाघटा पिणे पट्टीच्या रुग्णास शक्य नसते. म्हणून शेतात जाताना पाणी जवळ ठेवून तहान लागण्यापूर्वीच दर काही मिनिटांनी एक-दोन घोट घ्यावेत. चालण्याचा व्यायाम पहाटे उरकावा. लघवी गडद व थोडी होणे ही शरीरात पाणी कमी पडल्याची खूण होय.

औषधे, तपासण्या व मातृत्व

वजन उतरू लागताच मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांची पूर्वीची मात्रा जास्त होऊ शकते. आहार घटलेला असताना इन्सुलिन पूर्वीइतकेच घेतल्यास साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. याकरिता मात्रा पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. स्वतः बंदही करू नये. मोठ्या गोळ्या पट्टीशी अडकतात, त्यामुळे पातळ औषध मिळते का ते विचारावे. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेऊ नये. त्यांनी जठरात व्रण होतात. खर्रा, बिडी व दारू वर्ज्य करावी.

पहिल्या वर्षी पट्टीची तपासणी वारंवार व पुढे वर्षातून निदान एकदा करावी. रक्तातील लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम तपासून डॉक्टरांनी दिलेल्या पूरक गोळ्या नियमाने घ्याव्यात. शाकाहारी व्यक्तींना ब-१२ ची उणीव लवकर भासते. वजन झपाट्याने घटल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने स्त्रियांनी गर्भधारणा टाळावी. वजन घटल्याने गर्भधारणेची शक्यता वाढते, म्हणून ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. गर्भवती झाल्यास पट्टीची माहिती आरोग्यसेविकेस प्रथम भेटीतच सांगावी.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे : पाणीही पोटात न ठरणे, न थांबणाऱ्या ओकाऱ्या, पोटात अथवा छातीत तीव्र वेदना, ताप, ओकारीत रक्त किंवा काळी शौचास होणे. पोर्टच्या जागी लाली, सूज किंवा पू दिसणे आणि रात्री झोपेत ठसका लागून अन्न घशाशी येणे, हीदेखील दुर्लक्ष करण्याजोगी लक्षणे नाहीत. पट्टी अति घट्ट असणे किंवा सरकलेली असणे हे त्यांपैकी काहींचे कारण असू शकते. अशा वेळी बहुधा प्रथम पट्टीतील सलाइन काढून ती सैल करतात. हे काम खास सुईने व माहितगार डॉक्टरांनीच करावयाचे असते. साध्या सुईने पोर्ट टोचल्यास ते गळू लागते, म्हणून गावात हा प्रयोग कोणीही करू नये.

ओकाऱ्या काही दिवस चालू राहिल्यास ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपतो. रुग्णाचा तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलणे असंबद्ध होते. हे लक्षण मेंदूस कायमची इजा होण्यापूर्वीची सूचना होय. अशा रुग्णास ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी किंवा तिच्यासोबतच ब-१ चे इंजेक्शन देणे जरूर असते. ही बाब प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तिगावहून नागपूर शंभरेक किलोमीटरवर आहे. गाडीची वाट पाहण्यात वेळ घालवू नये, १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी.

समाजाचे कर्तव्य

पट्टीमुळे दोन वर्षांत अतिरिक्त वजनापैकी साधारण चाळीस ते पन्नास टक्के वजन कमी होते. हा आकडा नियम पाळणाऱ्यांचा आहे. आठवड्यास अर्धा ते एक किलो घट ही योग्य गती समजावी. शेजाऱ्यांनी तुलना करून रुग्णास नाउमेद करू नये. “शस्त्रक्रियेने वजन उतरविले, त्यात कसले कष्ट?” असेही कोणी म्हणू नये. दररोज मोजका घास, रोजचे चालणे आणि वर्षानुवर्षे तपासणीसाठी नागपूरची खेप, हे कष्ट लहान नव्हेत.

कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्यास जेवणासाठी पुरेसा अवधी व तपासणीसाठी रजा द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना खेळाचे, साध्या अन्नाचे व साखर कमी खाण्याचे महत्त्व पटवून द्यावे. शाळेच्या वयात लागलेल्या चांगल्या सवयींमुळे पुढे या शस्त्रक्रियेची गरज पडण्याचा संभव कमी होतो. ज्यांच्यावर ती झाली आहे, त्यांनी कार्ड खिशात ठेवावे, तपासणीची तारीख चुकवू नये आणि शंका येताच आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.